शिळी रांगोळी

जबलपूरच्या कडेला, आमच्या रांझीत स्फोटाला कुणी दचकत नाही. पलीकडे तोफगोळ्यांची फॅक्टरी आहे, तिथे चाचणी चालते. दिवसातून कधीही धडाम होतं, खिडकीच्या काचा थरथरतात आणि ओट्याशी उभी असलेली बाई कुकरच्या शिट्ट्या मोजत राहते. बाहेरगावचा पाहुणा असला तर तो खुर्चीतून उठून उभा राहतो, मग आम्ही हसतो आणि त्याला चहा देतो. लहानपणी मला पालीची, अंधाराची, गणिताच्या बाईंची भीती वाटायची. तोफेची कधी वाटली नाही.

एरवी मी मुळातच भित्री. गॅस बंद केला की नाही ते बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारी. दारावर अनोळखी टकटक झाली की घरात कुणी नसल्यासारखी श्वास रोखून उभी राहणारी. माझी आई याच्या अगदी उलट. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस," हे ती मला इतक्यांदा म्हणाली आहे की तो राक्षस मला आता घरचाच वाटतो. घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. मी एका शाळेत चित्रकला शिकवते आणि उरलेल्या वेळात चित्रकार असते. आई फॅक्टरीतून निवृत्त झाली आहे. मी घाबरले यात सांगण्यासारखं काही नाही, मला सवय आहे. पण गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात एक भीती आमच्या दाराशी आली आणि ती आईपर्यंत पोचू नये म्हणून मी जिवाचं रान केलं. ते सांगायचं आहे.

माझे आजोबा विदर्भातून फॅक्टरीच्या नोकरीसाठी जबलपूरला आले. मग वडीलही तिथेच लागले. मी शाळेत असताना वडील काविळीने गेले आणि त्यांच्या जागी आईला घेतलं. तिला फिलिंग सेक्शन मिळालं, म्हणजे गोळ्यांमध्ये दारू भरण्याचं खातं. आत जाताना बांगड्या, पिना, काडेपेटी सगळं बाहेर ठेवावं लागे. शिफ्ट संपली की जमिनीवर पावडरीचा एक कणही राहता कामा नये. कोरडा झाडू चालत नसे. आधी पाणी, मग झाडू, मग ओलं फडकं. "रातभर पडलेली पावडर म्हणजे निजलेला साप," असं तिथली एक जुनी बाई नव्या बायकांना सांगायची आणि आई ते घरी येऊन मला ऐकवायची. आमच्या घरात कणीक सांडली तरी आजही आधी पाण्याचा हबका मारला जातो.

सीमेवर काय चाललं आहे हे आम्हाला वर्तमानपत्राच्या आधी आईच्या ओव्हरटाइमवरून कळायचं. ती दोन-दोन शिफ्ट करून यायला लागली की मोहल्ल्यातल्या बायका एकमेकींना म्हणत, "कुछ होने वाला है." आम्ही देशाच्या अगदी पोटात राहतो. कुठल्याही सीमेला जायचं तर रेल्वेत झोप काढावी लागते. पण तिकडे जे फुटायचं ते इकडे आमच्या आयांच्या हाताखालून गेलेलं असायचं.

आणि रोज सकाळी दारात रांगोळी. आजीने बौद्ध धर्म घेतला तेव्हा देव्हारा गेला, उपास गेले, रांगोळी तेवढी राहिली. "ते देवाची थोडीच आहे, दाराची आहे," असं आईचं म्हणणं. उठल्याबरोबर तिचं पहिलं काम म्हणजे कालची रांगोळी पाणी टाकून झाडून काढणं. शिळी रांगोळी दारात ठेवायची नाही. मग ती पुसलेला दगड सुकायची वाट पाहते आणि नवी काढते. आज काय काढू असं ती कधी कुणाला विचारत नाही, पुसू का असंही नाही. बाकी घरात माझं थोडंफार चालतं, दारात तिचंच.

त्या उन्हाळ्यात सीमेवर पुन्हा तापलं होतं. एका संध्याकाळी शहरात सराव म्हणून भोंगे वाजले आणि सगळीकडचे दिवे घालवले. मी पलंगाच्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसले होते. आई अंधारात पदराने वारा घेत म्हणाली, "चलो, आज लाइटबिल वाचलं."

अशा दिवसांत कलाकारांना कंठ फुटतो. आमच्या एका चित्रकार मित्राने शहरातल्याच गोरखपूर भागात, बाजाराला लागून असलेला एक हॉल घेतला आणि प्रदर्शन ठरवलं. विषय सीमा. आम्ही सगळे उत्साहाने कामाला लागलो. एकाने काटेरी तारेत शाळेचे गणवेश अडकवले. भोपाळच्या एका मुलीने दोन्ही देशांच्या आकाशाचे फोटो शेजारी शेजारी लावले आणि कुठलं कुणाचं ते लिहिलं नाही. एकाने आरसा फोडला. तो प्रत्येक प्रदर्शनात आरसाच फोडतो. एका तरुण चित्रकाराने ऐन वेळी माघार घेतली. त्याचं आडनाव बघता कुणी त्याला कारण विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही.

मी ठरवलं की हॉलच्या दारातल्या पायरीवर रांगोळीने देशाची सीमा काढायची. आत भरायचं नाही, नुसती रेघ. येणाऱ्या प्रत्येकाला ती ओलांडून आत जावं लागेल. सोबतच्या कागदावर मी लिहिलं होतं, सीमा कुणीतरी रोज उठून काढावी लागते, नाहीतर ती राहत नाही. वाक्य मोठं होतं आणि मला फार आवडलं होतं. आज ते आठवलं की कानशिलं गरम होतात.

भीती मला तेव्हाही होतीच, पण ती रेघेची. देशाचा नकाशा चुकीचा काढला तर गुन्हा होतो एवढं मला ठाऊक होतं. म्हणून मी मनाने काही काढलंच नाही. स्टेशनरीच्या दुकानातून शाळेच्या मुलांना देतात तो कोरा नकाशा आणला, मोठा करून बटर पेपरवर उतरवला, आणि शिवणकामात करतात तसे रेघेवर सुईने टोचे मारले. कागद पायरीवर ठेवून वरून खडूची पूड फिरवली की खाली ठिपक्यांची सीमा उमटायची. वरचा डोंगराळ भाग मी पुन्हा पुन्हा तपासला. दुसरी भीती पायांची. कुणाचा पाय पडला तर? म्हणून एक पाटी लावली, "कृपया लांघकर आएँ." या दोन भीतींचा बंदोबस्त झाल्यावर मी निश्चिंत झाले.

ठिपक्यांवरून रांगोळी सोडायला आईला नेलं. माझा हात ब्रशवर बरा चालतो, पण चिमटीतून एकसारखी रेघ सोडायची तर आईच पाहिजे. ती पायरीवर बसली, चष्मा सारखा केला आणि विचारलं, "कोणत्या सणाची आहे वं हे?"

"सणाची नाही, प्रदर्शनाची."

"अन् इतकी वाकडीतिकडी?"

"देशच तसा आहे, आई."

"अच्छा," म्हणत ती खालच्या टोकापासून निघाली. समुद्राकाठची बाजू तिने एका दमात काढली. वर गेल्यावर हळू झाली. "इथं लय नागमोडी आहे. पहाड असन," असं स्वतःशीच म्हणाली. रेघ पूर्ण झाली तेव्हा दोन्ही हात झटकून तिने ती अशी पाहिली, जशी ती पुरणाची पोळी तव्यावर फुगली की पाहते.

उद्घाटनाची संध्याकाळ छान गेली. लोकांनी चपला बाहेर काढल्या, साड्या जराशा उचलून रेघ ओलांडली. एका गृहस्थांनी तर देवळाच्या उंबऱ्याला लावतात तसा तिला हात लावून कपाळाला लावला, त्यामुळे किनाऱ्याचा एक तुकडा त्यांच्याबरोबर आत गेला. खोव्याची जलेबी होती. मित्राने माझं ते मोठं वाक्य भाषणात दोनदा वाचलं. कुणाचा पाय पडला नाही, कुणी रेघेत चूक काढली नाही. घरी येताना मला हलकं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला स्कूटीवर मागे बसवून पुन्हा नेलं. वाऱ्याने आणि त्या गृहस्थांच्या भक्तीने रेघ जिथे विस्कटली होती तिथे दुरुस्ती करायची होती. मी पंखे आणि दिवे लावायला आत गेले. आईने चौकीदाराकडून बादली आणि झाडू मागून घेतला. पुढे काय झालं असेल ते तुमच्या लक्षात आलं असेल, माझ्या आलं नाही. मी बाहेर आले तेव्हा पायरी ओलीचिंब होती, खालचा अर्धा देश नाहीसा झाला होता आणि आई पदर खोचून झाडूने उरलेल्याकडे निघाली होती.

"आई! हे काय करून राहिली?"

"शिळी होती. रातभर पडली होती. आता ताजी काढू."

मला हसूच फुटलं. इतके दिवस मी त्या रेघेच्या केसाकेसाला जपले होते, आणि हिने बादलीभर पाण्यात निकाल लावला. मी पोट धरून हसले. रस्त्यापलीकडे पानाच्या दुकानाशी एक माणूस फोन समोर धरून उभा होता. मला वाटलं, स्वतःचाच फोटो काढतो आहे. मग दगड सुकल्यावर आम्ही बटर पेपर ठेवून सगळी सीमा नव्याने काढली. ती पहिलीपेक्षा सुरेख झाली, पण ती कुणी बघितली नाही.

दुपारी शाळेच्या स्टाफरूममध्ये एका सहकारी बाईने फोन माझ्यापुढे धरला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. व्हिडिओ छोटासा होता. एक म्हातारी बाई झाडूने देशाचा नकाशा पुसते आहे. मागे उभी असलेली बाई हसते आहे. वर हिंदीत लिहिलं होतं की जबलपूरमध्ये कलेच्या नावाखाली देश झाडून टाकला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी तो दोनदा बघितला आणि दोन्ही वेळा माझा हसण्याचा आवाज आला की फोनचा आवाज बंद केला.

खालचं वाचू नये एवढी अक्कल मला असायला हवी होती. सुरुवातीच्या शिव्या सर्वसाधारण होत्या, कुणालाही देतात तशा. मग कुणीतरी आमचं आडनाव शोधून काढलं. त्यानंतर लोक झाडूबद्दल लिहू लागले. झाडू कुणाच्या हातात शोभतो, कुणाला खुर्ची दिली की ते माजतात, असं. माझ्या आईच्या हातात लोकांनी फक्त झाडू पाहिला आणि तेवढ्यावरून ती त्यांना पुरती कळली. मला संताप यायला हवा होता. तो नंतर आला. तेव्हा मी पर्स उचलून घरी पळाले.

वाटेत मित्राचा फोन आला. "दीदी, हॉल वालों ने ताला लगा दिया है. आप दो-चार दिन माताजी को कहीं भेज दीजिए."

"और आप?"

"मैं तो भोपाल निकल गया हूँ," तो म्हणाला. मागे गाडीचा आवाज येत होता.

आईकडे बटणांचा साधा फोन आहे, त्यामुळे तिला काही कळलं नव्हतं. ते तसंच ठेवायचं मी ठरवलं. प्रदर्शन बंद का, तर हॉलची वायरिंग जळाली. नातेवाइकांचे फोन मी उचलायची आणि आत जाऊन कुजबुजायची. दाराला आतून कडी.

"दिवसाढवळ्या कडी काहून लावून राहिली?" आईने विचारलं.

"उंदीर झालेत मोहल्ल्यात."

"उंदरं काय दारानं येते का वं?"

मग मी मझौलीच्या मावशीचं नाव काढलं. तिच्याकडे लोणच्याच्या कैऱ्या उतरवल्या आहेत, ती तुला बोलावते आहे, मी तुला बसमध्ये बसवून देते. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुही मावशी मले कधी कैऱ्या खायला बोलावते? तू काहीतरी लपवून राहिली." मी कानावर हात ठेवले. तिने तांदळातला एक खडा उचलून बाजूला टाकला आणि विषय सोडून दिला.

त्या दिवसांत मला काय वाटत होतं ते सरळच सांगते. मला वाटत होतं की ते आईला मारतील. तिला रस्त्यावर ओढतील, तिच्या तोंडाला काही फासतील आणि त्याचाही व्हिडिओ करतील. असे व्हिडिओ मी पाहिले होते. इतर शहरांतले, इतरांच्या आयांचे. पाहून मी चुकचुकले होते आणि पुढे गेले होते. आणि याहूनही मोठी एक भीती होती, जी मला नीट सांगता येत नाही. आईला घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. वडील गेले तेव्हा नाही, फिलिंग सेक्शनमध्ये पहिल्या दिवशी गेली तेव्हा नाही. ती घाबरली तर माझं काय होईल, अशी ती भीती. तिच्या वाटचं मीच भिऊन घेतलं तर तिच्यापर्यंत काही पोचणार नाही, असा माझा हिशेब होता.

एका दुपारी चाचणीचा धडाका झाला आणि माझ्या हातातून वरणाचं भांडं पडलं. आई वरणाकडे नाही, माझ्याकडे बघत राहिली. "रांझीची पोरगी तू," एवढंच म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या आणायला गेली.

समोरच्या घरातल्या दीदींकडून आम्ही कित्येक वर्षं विरजण आणतो. त्यांनी त्या आठवड्यात आमच्याकडची खिडकी लावून घेतली होती. मला राग आला होता. पण त्याच दीदी एका दुपारी मागच्या दाराने आल्या, वाटीभर दही हातात ठेवलं आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "आज शाम को आने वाले हैं. हमारे लड़के ने सुना है." दही घेऊन मी तशीच उभी राहिले. पोलिसांना फोन करावा का, हा विचार आला. पण पोलीस आले तर आधी कुणाला उचलतील, हाही विचार आला, आणि तो जास्त खरा वाटला.

ऊन उतरल्यावर मोटारसायकली आल्या. घंटी वाजली. मी कडीवर हात ठेवून उभी होते. आई मोरीतून हात पुसत आली.

"कोण आहे?"

"कुणी नाही."

"कुणी नाही तर घंटी कोण वाजवून राहिलं?" असं म्हणत तिने माझा हात बाजूला केला आणि दार उघडलं.

सात-आठ तरुण मुलं असतील. पुढे गळ्यात गमछा टाकलेला एक, तो बोलणारा. मागे दोघांचे फोन आधीच वर धरलेले. त्यांच्यातल्या एकाला मी ओळखलं, माझ्या वर्गात होता, त्याची चित्रं बरी असत. मला बघताच त्याच्या तोंडून सवयीने "नमस्ते मैम" निघून गेलं आणि मग तो इकडेतिकडे बघू लागला.

गमछावाल्याने आईपुढे फोन धरला. "अम्मा, यह आप हैं?"

आईला चष्म्याशिवाय जवळचं दिसत नाही. तिने त्याचा मनगटाशी हात धरून फोन लांब नेला आणि निवांत बघितलं. "हौ, मैं ही हूँ. साड़ी तो वही है."

"देश का नक्शा आपने झाड़ू से मिटाया."

"बासी हो गई थी, बेटा. ताज़ी निकालनी थी. निकाली भी."

मग मागून एक जण ओरडला आणि सगळे एकदम ओरडू लागले. देशाला शिळं म्हणते, झाडू मारते, असं. आई एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. तिला काय चाललं आहे ते कळायला वेळ लागला. ती कळण्याची वेळ मी समोर उभी राहून पाहिली. तिचे ओठ जरा उघडले, हात पदराकडे गेला आणि तिने तो डोक्यावरून घेतला. आमच्या आईने डोक्यावर पदर घेतलेला मी कधी पाहिला नव्हता.

मी मध्ये पडले. तिने फॅक्टरीत उभा जन्म गोळे भरले आहेत, असं काहीतरी बोलले. गमछावाला म्हणाला, "फैक्टरी में हमारे पिताजी भी थे, मैडम. उन्होंने तो देश पर झाड़ू नहीं मारा." मग त्याला एक कल्पना सुचली आणि त्याचा चेहरा उजळला. "अम्मा, बनाकर दिखाइए. यहीं. लाइव."

मी म्हटलं, कागद हॉलमध्ये राहिला आहे, हॉलला कुलूप आहे. तो हसला. "कागज़ काहे को? अपना देश याद नहीं है?"

आईने रांगोळीचा डबा आणला. तो बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे, झाकण उघडताना कुरकुरतो. दारात सकाळचं कमळ होतं. तिचा हात कोपऱ्यातल्या झाडूकडे गेला आणि तिथेच थांबला. तिने फोनांकडे पाहिलं. मग गुडघ्यांवर बसून तिने ते कमळ तळहाताने पुसलं, पुन्हा पुन्हा, दगड साफ होईपर्यंत.

ती खालच्या टोकापासून निघाली. जिची रेघ सुतासारखी पडते तिच्या चिमटीतून रांगोळी गुठळ्या-गुठळ्यांनी सांडत होती. माझं सगळं लक्ष वरच्या भागाकडे. एवढीशी चूक झाली, एक वळण राहिलं, तर त्यांना दुसरं निमित्त लागणार नव्हतं. नकाशाचा केस न् केस मला पाठ होता आणि मी एक शब्द बोलू शकत नव्हते. डोंगरांपाशी आल्यावर ती थांबली. "पहाड," असं पुटपुटली आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी ओढणीच्या आड, मांडीवर, बोटाने ते वळण काढून दाखवलं. तिने तसं काढलं.

गमछावाल्याने फोनवर नकाशा उघडला आणि पायरीशी धरला. "यहाँ थोड़ा और ऊपर." तिने वर नेलं. पूर्वेच्या टोकाशी त्यांचंच आपापसांत जुंपलं. तिकडची बाजू किती फुगते, कुठे आत वळते, कुणालाच नीट सांगता येईना. शेवटी माझा जुना विद्यार्थी माझ्याकडे वळून म्हणाला, "मैम, ठीक है ना?"

"ठीक है," मी म्हणाले.

त्यांनी तिला घोषणा द्यायला लावली. तिने दिली. हात जोडायला लावले, जोडले. निघताना गमछावाल्याने वाकून तिच्या पायांना हात लावला. "अम्मा, अब इसको मिटाना मत," तो प्रेमाने म्हणाला. "हम लोगों का इधर से आना-जाना रहता है."

मोटारसायकली गेल्यावर मला रडू आलं. सुटल्याचं होतं ते. आईला कुणी हात लावला नव्हता, आई घरात होती, जिवंत होती, माझ्यापुढे बसून पाणी पीत होती. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात फोन वाजला. भोपाळहून मित्र. त्याने लाइव पाहिलं होतं आणि त्याचा आवाज आनंदाने भरून आला होता. "दीदी, यही तो असली काम है! आपके घर की चौखट पर! अगला शो इसी पर करते हैं. अच्छी रोशनी में फोटो ले लीजिए." मी फोन उलटा करून ठेवला. तो बराच वेळ बोलत राहिला असावा.

सकाळी नेहमीच्या वेळी मला बादलीचा आवाज आला. मी उठून बाहेरच्या खोलीत आले. दार उघडं होतं. आई उंबऱ्याच्या आत उभी होती, पदर खोचलेला, एका हातात झाडू, पायाशी पाण्याची बादली. पुढे पायरीवर कालची रांगोळी पडली होती, रात्रभराची. वाऱ्याने किनारा जरासा विस्कटला होता. समोरच्या रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली आणि आई एक पाऊल मागे सरली.

मग ती माझ्याकडे वळली.

"पुसू का वं?" तिने विचारलं.

मला हो म्हणायचं होतं. मी म्हणाले, "राहू दे, आई."

तिने झाडू कोपऱ्यात ठेवला, बादली उचलून मोरीत रिकामी केली. परत आली, दार लोटलं, आणि उजाडलेलं असताना स्वतःच्या हाताने आतून कडी लावली.